एका वर्षाची शाळा : सिसिलिया पेन

दहावीचा निकाल लागला की आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर पालकांची रांग लागते. विज्ञान घ्यावे की वाणिज्य, कोचिंग कुठले लावावे, पाच-दहा गुण वाढण्यासाठी फेरतपासणीचा अर्ज करावा का, असे प्रश्न असतात. ही गर्दी ओसरल्यावर दरवर्षी एखादी आई एकटीच आत येते. मुलगी दाराशी उभी असते. आई हळू आवाजात विचारते, पुढच्या दोन वर्षांसाठी काही स्कॉलरशिप मिळेल का. घरात मुलगाही शिकत असला, तर हा प्रश्न बहुधा मुलीबद्दलच असतो. मुलाच्या फीची सोय आधीच झालेली असते. कुणी वाईट हेतूने केलेली नसते, पण झालेली असते.

अशाच एका घरातल्या मुलीचे चरित्र या अंकासाठी आम्ही निवडले आहे. ती आपल्याकडची नव्हे, इंग्लंडची. तिचे नाव सिसिलिया पेन. आकाशातले तारे मुख्यतः कशाचे बनलेले आहेत, हे सगळ्यांत आधी तिला उमगले. भौतिकशास्त्राच्या मोठ्या पुस्तकांत तिचे नाव सापडते, शालेय पुस्तकांत क्वचित. पण या वार्तापत्रात ती येते आहे ती ताऱ्यांमुळे कमी आणि शाळेच्या शेवटच्या एका वर्षामुळे जास्त.

सिसिलियाचा जन्म १० मे १९०० रोजी वेंडोव्हर नावाच्या लहानशा गावी झाला. वडील एडवर्ड पेन लंडनमध्ये बॅरिस्टर होते. इतिहासाचे लेखक होते आणि संगीताचे चांगले जाणकारही. १९०४ मध्ये ते वारले, तेव्हा सिसिलिया चार वर्षांची होती. तिच्या पाठीवर एक भाऊ आणि एक बहीण. आई एमा जर्मन विद्वानांच्या घराण्यातली, स्वतः चित्रकार. तिच्यावर तीन मुलांचा संसार एकटीने ओढायची वेळ आली. घरात पुस्तके भरपूर, पैसा मोजका. आपल्या मराठी वस्तीतल्या जुन्या वाड्यांतून अशी घरे आम्ही बरीच पाहिली आहेत.

आई मुलांना झाडा-फुलांच्या गोष्टी सांगत असे. दूर दक्षिणेत पाहिलेल्या एका ऑर्किडची गोष्ट तिने सांगितली होती. त्याचे फूल हुबेहूब मधमाशीसारखे दिसते. पुढे एक दिवस आपल्याच बागेच्या गवतात सिसिलियाला ते फूल दिसले. ऐकीव वर्णनावरून तिने ते ओळखले. आपण आता शास्त्रज्ञच व्हायचे, असे तिने त्या वेळीच मनाशी ठरवले, असे तिने म्हातारपणी लिहून ठेवले आहे. गावातल्या छोट्या शाळेतली बाई चांगली होती. बारा वर्षांची होईपर्यंत मुलीला लॅटिन येत होते, अंकगणित पक्के होते आणि तराजूवर नेमके वजन कसे करावे हेही कळत होते.

मग कुटुंब लंडनला गेले. कारण होते भावाचे शिक्षण. हंफ्रीला चांगल्या शाळेत घालायचे होते. सिसिलियाला पॅडिंग्टन भागातल्या एका धार्मिक वळणाच्या मुलींच्या शाळेत घातले. तिथे प्रार्थना पुष्कळ आणि विज्ञान नावापुरते. गणितही तिला हवे तेवढे मिळेना. वरच्या मजल्यावर जुनी प्रयोगशाळा होती. बाटल्या मांडलेल्या, पण वापर जवळजवळ नाही. ही मुलगी एकटीच तिथे जाऊन बसे आणि मूलद्रव्यांची नावे असलेल्या त्या बाटल्या बघत राही.

या शाळेतला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. परीक्षेपूर्वी प्रार्थना केली की यश मिळते, असे तिथे शिकवत. सिसिलियाने त्याचीही परीक्षा घेतली. विषयांचे दोन गट केले, एका गटासाठी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. ज्या विषयांसाठी प्रार्थना केली नव्हती, त्यांत गुण जास्त पडले. आमच्या मुलींनी हा प्रयोग करावा असे आम्ही म्हणणार नाही, त्यांच्या आज्या आम्हाला माफ करणार नाहीत. पण प्रयोग कसा मांडावा, तुलना कशी करावी, हे त्या वयात तिला कुणी शिकवले नव्हते, हे मात्र लक्षात घ्यावे.

तिथे एक शिक्षिका अशी भेटली, जिने तिला पुस्तके दिली, संग्रहालये दाखवली. पण ती लवकरच शाळा सोडून गेली. मुख्याध्यापिकेचे मत वेगळे होते. भाषा आणि साहित्यात इतकी हुशार मुलगी विज्ञानाच्या मागे लागते म्हणजे देवाने दिलेल्या गुणांची विटंबना करते, असे त्यांना वाटे. १९१८ मध्ये, सिसिलिया अठरा वर्षांची असताना, शाळेने तिला दुसरीकडे जायला सांगितले. आमच्याकडे तुला शिकवण्यासारखे आता काही उरले नाही, असा त्याचा अर्थ.

आम्ही स्वतः या खुर्चीवर बसतो, म्हणून हा प्रसंग आम्हाला बोचतो. शाळेने मुलीला दुसरीकडे पाठवले ही एका परीने कबुलीच होती, आणि ती कबुली तिच्या पथ्यावर पडली. वाईट शाळा तिला ठेवून घेते आणि वाया घालवते. तरीही वाटतेच, की ती प्रयोगशाळा वापरात असती, त्या शिक्षिकेला कोणी धरून ठेवले असते, तर एवढी वर्षे त्या मुलीला बाटल्यांकडे नुसते बघत बसावे लागले नसते.

नवी शाळा म्हणजे लंडनच्या हॅमरस्मिथ भागातली सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल. ही शाळा १९०४ मध्ये सुरू झाली. जॉन कॉलेट यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांसाठी सेंट पॉल्स शाळा काढली होती. त्यांच्या निधीची व्यवस्था मर्सर्स कंपनी नावाची लंडनची जुनी व्यापारी संस्था पाहत असे. त्याच निधीतून चारशे वर्षांनी मुलींची शाळा निघाली. चारशे वर्षांचा तो उशीर आम्ही मुद्दाम नोंदवतो.

सरकारी मदतीवर न चालणाऱ्या, स्वतःच्या फीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या अशा शाळांना तिकडे स्वतंत्र शाळा म्हणतात. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात, आपली अकरावी-बारावीच म्हणा ना. बऱ्याच मुली सोळाव्या वर्षी याच टप्प्यावर शाळा बदलतात. तिथे शिष्यवृत्तीचे दोन प्रकार असतात. एक गुणवत्तेवर, लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन मिळणारी. तिचा मान मोठा, रक्कम बहुधा थोडी. दुसरी घरचे उत्पन्न तपासून फीमध्ये मिळणारी सवलत, जिला ते बर्सरी म्हणतात. ती काही ठिकाणी पूर्ण फीइतकी असते. दोन्हींसाठी अर्ज वेगळा करावा लागतो आणि तोही प्रवेशाच्या बराच आधी, जवळपास वर्षभर. हुशार मुलगी आहे म्हणजे शाळा आपणहून देईल, असे होत नाही. तिथेही नाही आणि इथेही नाही.

सिसिलिया या शाळेत आली तेव्हा तिच्याजवळ दोन नव्हे, एकच वर्ष होते. महायुद्ध संपत आले होते, लंडनमध्ये फ्ल्यूची साथ होती. पण या मुलीला आठवत राहिली ती निराळीच गोष्ट. शाळेच्या दारातून आत शिरताना आता आपण एकट्या नाही, आता विज्ञानाचा विचार करायला मोकळ्या आहोत, असे तिला वाटले. इथे जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र यांच्या खऱ्या प्रयोगशाळा होत्या आणि त्या विषयांवर प्रेम करणाऱ्या शिक्षिका होत्या. भौतिकशास्त्राच्या आयव्ही पेंडलबरी यांनी तिला जवळ केले. गतिशास्त्र, वीज, चुंबकत्व, प्रकाश, उष्णता हे सारे त्यांनी तिला एका वर्षात शिकवले. त्या तासाव्यतिरिक्त वेळ देत. असा वेळ कुठल्याही वेळापत्रकात दिसत नाही. आमच्या स्टाफरूममधल्या दोघी-तिघींना हे वाक्य वाचून कळेल, की आम्हाला कोण अभिप्रेत आहे.

याच शाळेत संगीत शिकवायला गुस्ताव होल्स्ट होते. होय, ‘द प्लॅनेट्स’ या प्रसिद्ध रचनेचे होल्स्ट. ते १९०५ पासून या शाळेत होते आणि १९३४ मध्ये वारले तोपर्यंत राहिले. याच १९१८ साली सप्टेंबरमध्ये ‘द प्लॅनेट्स’ पहिल्यांदा वाजवली गेली, तेव्हा शेवटच्या नेपच्यूनच्या भागातले शब्दांविना गाणे गाणाऱ्या गायिकांत त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आवडेल. होल्स्ट यांनी संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरे केली आणि महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवर एक छोटी संगीतिका लिहिली. सिसिलियाच्या अंगातले संगीत त्यांनी ओळखले. वाद्यवृंद कसा चालवावा हे शिकवले आणि तिने संगीतच करावे असा आग्रह धरला. तिने ऐकले नाही. इतका मोठा माणूस समोरून बोलावत असताना अठराव्या वर्षी नाही म्हणणे सोपे नसते.

आता मुख्य अडचण. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात तिला जायचे होते. हे मुलींचे कॉलेज १८७१ पासून चाललेले. पण आईने तिच्या कॉलेजवर पैसा खर्च करायला नकार दिला. पैसा हंफ्रीसाठी राखून ठेवलेला होता. आई दुष्ट नव्हती, हे पुन्हा सांगतो. विधवा बाईने तीन मुलांत थोडा पैसा वाटायचा, तेव्हा जगाचा जो हिशेब होता तोच तिने केला. मुलगा शिकला तर घर उभे राहील. हंफ्री खरोखरच हुशार निघाला. ऑक्सफर्डला शिकून तो पुरातत्त्वज्ञ झाला आणि अथेन्सच्या ब्रिटिश संस्थेचा संचालक झाला. १९३६ मध्ये, पस्तिशीच्या आतच वारला. पैसा वाया गेला असे कुणी म्हणू शकणार नाही. पण तो दोघांना पुरणारा नव्हता.

म्हणजे सिसिलियाला शिष्यवृत्ती मिळाली तर केंब्रिज, नाही तर घर. मानाची, बक्षिसाची ही बाब नव्हतीच. आणि मिळायची तीही थोडीथोडकी चालणार नव्हती, राहणे-जेवणे-फी सगळे भागले पाहिजे. एका वर्षाच्या तयारीवर ती स्पर्धेच्या परीक्षेला बसली. इतर मुली त्या विषयांत अनेक वर्षे मुरलेल्या. १९१९ मध्ये निकाल लागला आणि सगळा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती तिला नैसर्गिक विज्ञानासाठी मिळाली. त्या एका वर्षातले पेंडलबरीबाईंचे जादा तास बाजूला काढले तर हा निकाल कसा लागला असता, याचा आम्ही कधी कधी विचार करतो.

इथे आमची एक गोष्ट सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, आम्ही नुकतेच प्राचार्य झालो होतो तेव्हा, एक वडील मुलीला घेऊन आले होते. मुलगी विज्ञानात पहिली. थोरला भाऊ इंजिनीअरिंगच्या तयारीला बाहेरगावी. वडील म्हणाले, दोघांचे जमणार नाही. आम्ही समजूतदारपणा दाखवला. कला शाखेची फी कमी आहे, घराजवळ कॉलेज आहे, तिथे घाला, असा सल्ला दिला. त्यांनी आमचे आभार मानले. पुढे दिवाळीच्या साफसफाईत आमच्याच कपाटात मुलींच्या एका शिष्यवृत्तीचे कोरे अर्ज सापडले. मुदत जुलैमध्ये संपली होती. त्या वडिलांचा हिशेब चुकला नव्हता. आमचा चुकला होता. तेव्हापासून हे अर्ज कपाटात राहत नाहीत.

असो. केंब्रिजला सिसिलिया वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायन शिकू लागली. १९१९ च्या मे महिन्यातल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आर्थर एडिंग्टन यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर जाऊन आइन्स्टाइनच्या सिद्धांताची पडताळणी केली होती. त्यावर त्यांचे केंब्रिजला व्याख्यान झाले. न्यूनहॅमच्या वाट्याला प्रवेशपत्रिका चारच. एका मैत्रिणीला जाता आले नाही म्हणून सिसिलियाला तिची मिळाली. व्याख्यानाहून परत येऊन तिने ते जवळजवळ शब्दशः लिहून काढले आणि मग तीन रात्री तिला धड झोप लागली नाही. वनस्पतिशास्त्र मागे पडले. भौतिकशास्त्र मुख्य विषय झाला आणि डोक्यात खगोल शिरला.

तिथले वातावरण मुलींना फार सुखाचे नव्हते. अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या वर्गात नियमाप्रमाणे मुलींनी पहिल्या रांगेत बसायचे. त्या वर्गात मुलगी एकच, सिसिलिया. ते तिच्याकडे रोखून बघत स्त्रियांना उद्देशून संबोधन करीत आणि मागचे तरुण टाळ्या पिटून, पाय आपटून दंगा करीत. १९२१ मध्ये स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाही यावर मतदान होऊन ठराव फेटाळला गेला, आणि विजयाच्या भरात तरुणांच्या जमावाने न्यूनहॅमच्या फाटकाची मोडतोड केली. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. म्हणजे सिसिलियाने अभ्यासक्रम पुरा केला, परीक्षा दिली, पण पदवी नाही.

एकदा वेधशाळेच्या खुल्या रात्री तिने तिथल्या मदतनिसाला असे प्रश्न विचारले, की तो उठून एडिंग्टन यांनाच बोलावून घेऊन आला. तिने त्यांना सरळ सांगितले की मला खगोलशास्त्रज्ञ व्हायचे आहे. त्यात न ओलांडता येण्यासारखी अडचण आपल्याला तरी दिसत नाही, अशा अर्थाचे ते बोलले. फार उत्साहाचे उत्तर नव्हे. पण तिला पुरले. त्यांनी वेधशाळेचे ग्रंथालय तिला उघडून दिले.

अडचणी होत्याच. इंग्लंडमध्ये अशा मुलीला पुढे एकच वाट होती, कुठल्या तरी मुलींच्या शाळेत शिकवण्याची. त्या कामाला आम्ही कमी लेखत नाही, आमचेच काम आहे. पण तिला ते नको होते. १९२२ मध्ये अमेरिकेच्या हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली लंडनला व्याख्यानासाठी आले. ती ऐकायला गेली आणि तुमच्याकडे काम करायचे आहे असे त्यांना भेटून सांगितले. पुन्हा अर्ज, पुन्हा शिफारसपत्रे. वेधशाळेत स्त्रियांसाठी ठेवलेली एक फेलोशिप तिला मिळाली आणि १९२३ मध्ये ती बोटीने बोस्टनला गेली.

हार्वर्डला काचेच्या तबकड्यांवर घेतलेली ताऱ्यांची हजारो छायाचित्रे होती. त्यांत ताऱ्यांचे वर्णपटही होते. आमचे शिक्षण हिंदीतून झाले, तिथे त्याला वर्णक्रम म्हणत. मराठीत वर्णपट म्हणतात हे आम्हाला नोकरीत आल्यावर कळले. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला की इंद्रधनुष्यासारखा पट्टा उमटतो आणि त्यात काळ्या रेघा असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या. ॲनी जंप कॅनन यांनी अशा सव्वादोन लाख ताऱ्यांची रेघांवरून वर्गवारी केली होती. पण रेघ ठळक दिसली म्हणजे ते मूलद्रव्य जास्त आणि फिकी दिसली म्हणजे कमी, असे सरळ मानता येते का? तेव्हा बहुतेकांची समजूत अशीच होती आणि त्यामुळे सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच पदार्थांचा, फक्त तापलेला गोळा आहे, असे मानत.

याचे कोडे सोडवणारी किल्ली भारतातून आली. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये एक समीकरण मांडले. तापमान आणि दाब यांनुसार अणूंमधले इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतात, हे त्यातून काढता येते. म्हणजे रेघ ठळक का आणि फिकी का, यात तापमानाचा वाटा किती आणि पदार्थाच्या प्रमाणाचा किती, हे वेगळे करता येते. हे साहा स्वतः शिष्यवृत्तीवर वाढलेले. १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात एका लहानशा दुकानदाराच्या घरी जन्मले. शिष्यवृत्ती मिळवून ढाक्याच्या सरकारी शाळेत आले. १९०५ मध्ये वंगभंगाच्या दिवसांत गव्हर्नरच्या भेटीवर मुलांनी बहिष्कार टाकला, त्यात ते होते म्हणून शिष्यवृत्ती गेली आणि शाळाही गेली. दुसऱ्या एका शाळेने त्यांना पदरात घेतले, म्हणून पुढचे सगळे घडले. लंडनची ती मुलगी आणि ढाक्याचा हा मुलगा, दोघांनाही आधीच्या शाळेने बाहेर काढले होते आणि दोघांनाही दुसऱ्या शाळेने आत घेतले.

सिसिलियाने साहांचे समीकरण हार्वर्डच्या तबकड्यांना लावले. निघाले ते असे, की सिलिकॉन, कार्बन, लोखंड वगैरेंचे एकमेकांशी प्रमाण ताऱ्यांत आणि पृथ्वीवर बरेचसे सारखेच आहे, पण हीलियम प्रचंड आहे आणि हायड्रोजन तर इतर मूलद्रव्यांच्या मानाने सुमारे दहा लाख पट आहे. तारे म्हणजे मुख्यतः हायड्रोजन. तिचे वय तेव्हा चोवीस.

प्रबंधाचे हस्तलिखित प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे गेले. त्या काळी ताऱ्यांच्या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. हायड्रोजनचा हा आकडा अशक्य आहे, असे त्यांनी कळवले. तिने मग प्रबंधात हायड्रोजन-हीलियमचे हे मोठे प्रमाण बहुधा खरे नसावे असे लिहून टाकले. आकडे मात्र कोष्टकात तसेच ठेवले. १९२५ मध्ये प्रबंध छापला गेला. हार्वर्ड स्त्रियांना डॉक्टरेट देत नसल्यामुळे पदवी शेजारच्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजची मिळाली. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले. त्यांनी आपल्या लेखात तिच्या कामाचा उल्लेख केला, पण बराच काळ शोधाचे श्रेय त्यांच्याकडे राहिले. सिसिलियाने पुढे यात रसेल यांना दोष दिला नाही. आपले बरोबर आहे असे वाटत असताना आपण अधिकारी माणसापुढे मान तुकवली, ही आपली चूक, असे ती म्हणे. आम्हाला हा न्याय थोडा कठोर वाटतो. फेलोशिपवर जगणारी परक्या देशातली मुलगी, आणि समोर रसेल.

हार्वर्डची पुढची वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ती एकसारखीच आहेत : काम प्राध्यापकाचे, हुद्दा नाही. पगार साधनसामग्रीच्या खर्चातून निघे. ती शिकवत असलेल्या विषयांची नावे विद्यापीठाच्या पुस्तिकेत १९४५ पर्यंत छापली जात नव्हती. १९३१ मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. १९३३ मध्ये जर्मनीत तिला सर्गेई गॅपोश्किन हा रशियन खगोलशास्त्रज्ञ भेटला. नाझींच्या राज्यात त्याला तिथे राहणे कठीण झाले होते. तिने खटपट करून त्याला अमेरिकेत आणवले, आणि १९३४ मध्ये दोघांनी लग्न केले. तीन मुले झाली. नवरा-बायकोने मिळून चल ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचे तेज कमी-जास्त होते अशा ताऱ्यांची, लाखो निरीक्षणे केली. मुलांना सांभाळायला कोणी नसेल तेव्हा ती मुलांना वेधशाळेत घेऊन येई.

१९५६ मध्ये हार्वर्डने तिला पूर्ण प्राध्यापक केले. तिथल्या कला-विज्ञान शाखेत खालून वर बढती मिळून या पदावर पोहोचलेली ती पहिली स्त्री. लगेच खगोलशास्त्र विभागाची प्रमुखही झाली. ज्या काचेच्या तबकड्यांवर तिने पंचविशीत काम केले, तिथेच हे घडायला तिला तीस वर्षे लागली. त्याच १९५६ च्या फेब्रुवारीत मेघनाद साहा दिल्लीत वारले.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या खगोलशास्त्र संस्थेने आपला सर्वोच्च मान तिला दिला. त्या सन्मानाला नाव आहे हेन्री नॉरिस रसेल यांचे. ७ डिसेंबर १९७९ रोजी ती वारली. शेवटच्या दिवसांत तिने आत्मचरित्र लिहिले होते. पुढे तिच्या मुलीने संपादन करून ते प्रसिद्ध केले. त्यात पेंडलबरीबाई आहेत, होल्स्ट आहेत आणि सेंट पॉल्सचे ते एक वर्षही आहे.

अकरावीच्या मुलींसाठीचे शिष्यवृत्तीचे अर्ज कार्यालयात पहिल्या टेबलावर ठेवले आहेत. गुणपत्रिकेची प्रत आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याला बरेच दिवस लागतात, म्हणून तो आधी काढायला टाकावा. अर्ज भरायला मदत हवी असेल तर शनिवारी मधल्या सुट्टीनंतर आम्ही खोलीतच असतो. मुलीने दाराशी उभे राहू नये, आत येऊन बसावे.